रन म्हणजे पळणं, हे कोणी सांगितलं तुले?

पत्र

मॅडम, नमस्कार. मी पांढरकवड्याजवळच्या एका खेड्यातली. बी. कॉम. झाली, सगळं शिक्षण मराठीतून. दिवाळीपासून हिंगणघाटकडे एका कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात लागली आहे. काम येते, टॅली येते, पण मॅनेजर साहेब बाहेरचे आहेत अन् ते सगळं व्हॉट्सॲपवर इंग्रजीत टाकतात. मागच्या महिन्यात त्यांचा मेसेज आला, "वी आर रनिंग लो ऑन बारदाना, माइट रन आउट बाय फ्रायडे. रन द नंबर्स अँड रन इट बाय मी बिफोर यू सेंड इट टु नागपूर." मले रन म्हणजे पळणे एवढंच माहीत. वाटलं साहेब घाई करून राहिले, पळत पळत हिशोब करा अन् नागपूरले पाठवा म्हणून राहिले. मी त्याच दिवशी पाठवून दिला, साहेबांले न दाखवता. त्यात एक आकडा चुकला होता. नागपूरहून फोन आला, साहेब सगळ्यांसमोर बोलले. तेव्हापासून ऑफिसात मले पी. टी. उषा म्हणतात. मी पाचशे फ्रेजल व्हर्बचं पुस्तक आणलं, रोज वीस पाठ करते, दुसऱ्या दिवशी त्यातले पंधरा विसरते. रनचे एकूण अर्थ किती अन् ते पाठ कसे करायचे? की अशी नोकरी आमच्यासारख्यांसाठी नाहीच?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर

पोरी, आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगते म्हणजे बाकीचं शांतपणे वाचशील. नोकरी सोडू नको. टॅली येणारी अन् सीझनमध्ये रात्री आठपर्यंत थांबणारी पोरगी जिनिंगवाल्यांना सहजासहजी मिळत नाही, हे तुझ्या साहेबांनाही चांगलं माहीत आहे, ते बोलले ते बोलले पण काढलं नाही ना तुला. आणि एका मेसेजमध्ये चार वेळा रन टाकणारा माणूसही काही कमी नाही वो. "शो मी फर्स्ट" लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? पण आजकाल ऑफिसात अशीच इंग्रजी चालते, उत्तर दे म्हणायचं तर "रिव्हर्ट" म्हणतील, भेटू म्हणायचं तर "कनेक्ट करू" म्हणतील, त्यातलाच हा रन इट बाय मी. तू त्यांची भाषा बदलू शकत नाहीस, म्हणून आपण आपलं बघू.

आता किती अर्थ ते. इंग्रजीचा सगळ्यात मोठा कोश म्हणजे ऑक्सफर्डचा, त्याचं काम एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे अन् अजूनही संपलं नाही, जुन्या नोंदी नव्यानं लिहिणं सुरूच असते. त्यात सगळ्यात लांब नोंद कोणत्या शब्दाची याची जणू शर्यतच लागलेली आहे. १९८९ च्या आवृत्तीत सेट हा शब्द पहिला होता. मग नव्या कामात २००० साली मेक पुढं गेला, २००७ मध्ये पुट, आणि २०११ मध्ये आपला रन. नुसतं क्रियापद म्हणून रनचे ६४५ अर्थ त्यांनी नोंदवले. पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकाला त्या एका शब्दावर नऊ महिने लागले. ऑक्सफर्डमध्ये बसलेल्या, जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्या, पगारच त्याचा घेणाऱ्या माणसाला नऊ महिने लागले, अन् तू एका मेसेजमध्ये अडकली म्हणून रडून राहिली.

आणि तू हिशोबातली आहेस म्हणून हिशोबच सांगते. रोज वीस पाठ, त्यातले पंधरा गेले, हाती राहिले पाच. ६४५ भागिले पाच म्हणजे १२९ दिवस. तोवर कापसाचा सीझन संपून तुझे साहेब गावाला गेलेले असतील. तेव्हा पाठ करणं बंद.

तुझी खरी अडचण अर्थ जास्त आहेत ही नाहीच. पहिल्याच दिवशी शाळेत जो अर्थ सांगितला तो कोपऱ्यातला होता. आम्ही शिक्षकांनीच फळ्यावर लिहिलं, रन म्हणजे धावणे, वॉक म्हणजे चालणे, आणि चित्र काय तर हाफचड्डीतला पोरगा पळून राहिला. पोरांनी ते धरून ठेवलं. पण मोठ्यांच्या इंग्रजीत, ऑफिसात, पेपरात, मशीनवर जो रन येतो त्याला मराठी जोडीदार बहुतेक वेळा "चालणे" हा असतो, पळणे नाही. बघ ना. जिनिंग दोन शिफ्टमध्ये चालते, द जिन रन्स टू शिफ्ट्स. मोटर चालू आहे, द मोटर इज रनिंग. वणीची बस अजून चालते का, डझ द बस स्टिल रन. तिचा बाप किराणा दुकान चालवते, ही रन्स अ शॉप. बचत गट बायाच चालवतात, विमेन रन इट. पिक्चर तीन आठवडे चालला, तोही रनच. कॉम्प्युटरवर प्रोग्राम चालवला, तोही रन. यातलं कोणी पळत नाही. आणि गंमत अशी की यातल्या एकाही जागी इंग्रजीवाले वॉक म्हणत नाहीत, अन् आपण एकाही जागी पळणे म्हणत नाही. शाळेत जोड्या लावतानाच चूक झाली होती म्हण.

म्हणून पहिली सवय ही लाव की रन दिसला की डोक्यात आधी "चालणे" ठेवून बघायचं. बसलं तर काम झालं. नाही बसलं तर "वाहणे" ठेवायचं. नाक वाहते, रनिंग नोज. नळ वाहून राहिला, द टॅप इज रनिंग. धुण्यात रंग गेला, एका कपड्याचा दुसऱ्याला लागला, द कलर रॅन. हा वाहण्याचा अर्थ मागाहून चिकटलेला नाही हं, जुन्या इंग्रजीत या शब्दाच्या मुळाशी वाहणं अन् पळणं दोन्ही होतंच, आणि जर्मनमध्ये त्याच घराण्यातला रिनेन शब्द आजही पाणी वाहण्यालाच वापरतात. तेही नाही बसलं तर "जाणे". नागपूरहून निघालेला ४४ नंबरचा हायवे हिंगणघाट, वडकी, पांढरकवडा करत आदिलाबादकडे जातो, द हायवे रन्स साउथ. रस्ता जागचा हलत नाही पण आपणही "रस्ता जातो"च म्हणतो, म्हणजे आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. आणि यातलं काहीच नाही बसलं तरच पळणे.

एक सावधगिरी मात्र. हे उलटं करू नको. आपलं प्रत्येक चालणे म्हणजे रन नाही. "चहा चालेल का" याचं विल टी रन केलंस तर साहेब खुर्चीतून पडतील. "हे चालणार नाही" यातही रन नाही. दिशा एकच, इंग्रजीकडून मराठीकडे.

आता तुझा मेसेज घेऊ, कारण त्यात चारही चांगले नमुने आहेत, पुस्तकापेक्षा बरे.

रनिंग लो ऑन बारदाना. बारदाना कमी होत चालला आहे. बघ, "होत चालला" म्हणताना तूही चालणेच वापरशील. संपला नाही अजून, पण उतरणीला लागला आहे. पेट्रोल, डिझेल, पैसे, छापील पावत्या, सगळ्याला चालते हे, रनिंग लो ऑन म्हणायचं अन् पुढं वस्तू टाकायची.

माइट रन आउट बाय फ्रायडे. शुक्रवारपर्यंत संपेल कदाचित. आता रन आउट म्हटलं की आपल्या पोरांना स्टंप दिसतात, अन् दिसणारच, विदर्भानं २०१७-१८ मध्ये पहिल्यांदा रणजी मारली, पुढच्या वर्षी परत, मग २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा, तेव्हापासून गावातल्या पारावरही सगळे एक्स्पर्ट झाले आहेत. क्रिकेटमध्ये मात्र माणूस "इज रन आउट" होतो, त्याला कोणीतरी करते. माल संपतो तेव्हा त्याला कोणी आउट करत नाही, तो आपला आपण संपतो, म्हणून बारदाना "हॅज रन आउट". आणि संपला कोणाचा ते सांगायचं असेल तर ऑफ लागते, वी हॅव रन आउट ऑफ बारदाना. बारदाना इज रन आउट असं लिहू नको, हिंगणघाटात सगळ्यांना समजेल पण नागपूरवाले हसतील. बाय फ्रायडे म्हणजे शुक्रवारी नाही, शुक्रवारच्या आत किंवा फार तर शुक्रवारी, हेही याच ओळीत शिकून घे.

रन द नंबर्स. हिशोब लावून बघ. किती गाठी निघणार, किती बारदाना लागणार, किती आहे, किती मागवायचा. बोटं पळवायची नाहीत, आकडे एकदा चालवून बघायचे.

आणि ज्यानं तुझं नुकसान केलं तो, रन इट बाय मी. याला आपल्याकडे अगदी नेमका शब्द आहे, नजरेखालून घालणे. पाठवायच्या आधी माझ्या नजरेखालून घाल. यात परवानगीही आहे अन् मतही आहे. हाच रन बाय सोडून रन थ्रू आला तर थोडं वेगळं, रन मी थ्रू द बिल म्हणजे बिल मला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत समजावून सांग. बाय मध्ये तू कागद दाखवतेस, थ्रू मध्ये तू सोबत बसून वाचतेस.

बाय, थ्रू, आउट, इनटू, ही जी शेपटं आहेत ना, सगळा खेळ त्यांचा आहे. गावात नवीन माणूस दिसला की आपण त्याला नाव विचारत नाही, "कोणाकडे आले वो पाहुणे" असं विचारतो, आणि घर कळलं की माणूस कळला. रनलाही तेच विचार, कोणाकडे आला. पुढं बारदाना आहे की ताप आहे की मोटर आहे की माणूस आहे. नुसता रन पाठ करून काही कळत नाही, सोबतचा शब्द धरला की अर्थ आपसूक येतो.

तुला वाटत असेल हे मॅडमले बोलाले सोपं आहे. मग सांग, तू तुझ्या पत्रात काय लिहिलंस? "जिनिंगच्या ऑफिसात लागली आहे." आता तुझ्या साहेबांना मराठी शिकायची आहे असं समज अन् त्यांनी विचारलं, लागणे म्हणजे काय? काय सांगशील? तुला नोकरी लागली. पोराला भूक लागली. मे महिन्यात बापाला ऊन लागलं. बोअरला दोनशे फुटावर पाणी लागलं. तेच पाणी गावाबाहेरच्या पाहुण्याला लागलं अन् तो आजारी पडला. २०१७ साली पऱ्हाटीला गुलाबी बोंडअळी लागली अन् यवतमाळ जिल्ह्यात लोकांचं कंबरडं मोडलं. दहावीचा निकाल लागला. लग्न लागलं, अन् त्याच मांडवात नवरीला कोणाची तरी नजर लागली. फलाटावर गाडी लागली, अन् गाडीत बसल्यावर मावशीला गाडी लागली, एकाच वाक्यात दोनदा गाडी लागली तरी कोणाचा गोंधळ होत नाही, एकीला पिशवी द्यावी लागते एवढंच. अन् हे "द्यावी लागते" मधलं लागते आणखी वेगळं. भाजी तिखट लागली, बोलणं मनाला लागलं, दाराला कडी लागली, पोराला मोबाईलचा नाद लागला. मोल्सवर्थ साहेबाच्या १८५७ च्या मराठी कोशात या लागणेची नोंद चांगलीच लांब आहे, त्यालाही घाम फुटला असेल. तुला यातलं एकही कोणी पाठ करवून घेतलं नाही. आई म्हणाली "ऊन लागीन, डोक्यावर घे" अन् तू घेतलं, तिथंच अर्थ शिकलीस. पूर्ण वाक्य आलं, त्या वाक्यासोबत ऊनही आलं. रनही तसाच येईल, पण पुस्तकातून नाही, तुझ्या जिनिंगच्या गेटमधून येईल.

आणि खरं सांगू, निम्मा रन तुझ्याकडे आधीपासून आहे, तुला फक्त तो इंग्रजी वाटत नाही. जुना ट्रॅक्टर विकणारा काय लिहिते? "रनिंग कंडिशन." कोणी पळवून दाखवत नाही, चालू स्थितीत आहे एवढंच. मिस्त्री कंपाउंडचा भाव कसा सांगते? रनिंग फुटानं, म्हणजे लांबीत सलग जितके फूट भरतील तितके, उंची-रुंदीचा गुणाकार नाही. शिलाईच्या क्लासमधला रनिंग स्टिच, त्याला तर आपण धावदोरा म्हणतो, हा एक मात्र खरंच धावला! सलग, न तुटता, एकामागून एक, हा जो भाव आहे तो रनच्या पुष्कळ अर्थांत सापडेल. अ रन ऑफ बॅड इयर्स म्हणजे ओळीनं नापिकीची वर्षं, आपल्याकडे उदाहरण द्यायची गरज नाही.

मोटर पंपावरचं एक सांगते कारण त्यात चांगली चांगली माणसं फसतात. शेतातल्या स्टार्टर पॅनलवर "ड्राय रन" लिहिलेलं असते. विहिरीत पाणी नाही अन् मोटर कोरडीच फिरून राहिली की ती तापते अन् वाइंडिंग जळते, म्हणून तिला आपोआप बंद करायची सोय म्हणजे ड्राय रन प्रोटेक्शन. आमच्याकडचे शेतकरी हा शब्द अगदी बरोबर वापरतात. मग २०२१ च्या २ जानेवारीला बातमी आली की नागपूर जिल्ह्यात कोरोना लसीचा ड्राय रन. पारावर एक जण म्हणे, "लसीचीबी मोटर जळते का बे?" तिथं ड्राय रन म्हणजे रंगीत तालीम होती. रांग लावली, नाव तपासलं, खोली बघितली, नोंद केली, फक्त सुईत लस नव्हती. दोन्हीत कोरडंच चालवलं आहे, एकीकडे चुकून अन् दुसरीकडे मुद्दाम. आता शब्द उलटे कर, रन ड्राय. द वेल हॅज रन ड्राय, विहीर आटली. यात मोटरही नाही अन् तालीमही नाही. शब्द दोनच, क्रम बदलला की अर्थ बदलला. म्हणून म्हणते पूर्ण वाक्य उतरवून घे, तुकडा उतरवू नको.

दवाखान्यातले दोन लक्षात ठेव, घरी कामी येतील. रनिंग अ फीवर म्हणजे अंगात ताप आहे, ताप पळवणे नाही. आणि डॉक्टर विचारतील, डझ इट रन इन द फॅमिली, म्हणजे घराण्यात कोणाला आहे का. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेलच्या तपासणीत हा प्रश्न येतोच, कारण तो आजार आई-बापाकडून लेकरांत येतो, आई-बाप दोघंही वाहक असले तर प्रत्येक लेकराला २५ टक्के शक्यता असते. "वाहक" मध्येही वाहणं आलंच की.

निवडणुकीचं तर ऐकच. ग्रामपंचायतीला आपल्याकडे माणूस उभा राहतो. इंग्लंडमध्येही तसंच, तिथं स्टँड म्हणतात. अमेरिकेत मात्र तोच माणूस रन करतो, रनिंग फॉर प्रेसिडेंट. काम तेच, खुर्चीही तीच, एकीकडे उभा अन् दुसरीकडे पळून राहिला. मला विचारशील तर आपल्याकडचे निकालानंतर पळतात, पण ते जाऊ दे.

बाकीचे पटपट सांगते. रन इनटू, अचानक गाठ पडणे, माणसाशी पडली तर बरं अन् अडचणीशी पडली तर वाईट, वी रॅन इनटू अ प्रॉब्लेम हे तुझ्या साहेबांकडून येईलच. रन ओव्हर, गाडीखाली येणे किंवा मीटिंग वेळेपेक्षा लांबणे, सोबत मीटिंग आहे की कुत्रं आहे ते बघ. रनिंग लेट, उशीर होऊन राहिला, पळून नाही. रन अप अ बिल, उधारी चढवणे. अप अँड रनिंग, मशीन बिघडली होती ती परत सुरळीत चालू झाली. रन डाउन मात्र चिंधी करून ठेवलेला शब्द आहे, बॅटरी उतरली तरी रन डाउन, बिल्डिंग मोडकळीस आली तरी रन डाउन, माणूस थकला तरी, कोणाला नावं ठेवली तरी, अन् शब्द जोडून रनडाउन केला तर थोडक्यात माहिती! हा आला तर अंदाज करू नको, सरळ विचार. ऑल्सो रॅन हा घोड्यांच्या शर्यतीतून आला, नंबरात न आलेल्यांची नावं खाली देत, हेही पळाले म्हणून. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, आपली जोडी मागं राहिली की लोकं जे बोलतात ते याहून कडक असते. रनर-अप म्हणजे उपविजेता हे तुला माहीतच आहे.

आता करायचं काय. ते पाचशेवालं पुस्तक कपाटात ठेव. ते वाईट नाही, पण एकाच पानावर रन आउट, रन ओव्हर, रन ऑफ एकाखाली एक लावले की तीन सारखी नावं असलेले भाऊ एकदम भेटल्यासारखं होते, त्यात पोरी गोंधळतातच. त्यापेक्षा ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जा, वरच्या भिंगावर दाब, अन् रन शब्द शोध, स्पेलिंगमध्ये रॅन अन् रनिंग पण. सीझनभरात साहेबांनी जितक्या वेळा तो वापरला ते सगळे मेसेज समोर येतील. बघशील, फिरून फिरून दहा-बाराच प्रकार आहेत, कारण जिनिंगमध्ये गोष्टीच तितक्या असतात, माल, मशीन, गाडी, वेळ, बिल. प्रत्येक मेसेज पूर्ण वहीत लिही, खाली आपल्या बोलीत लिही. पुस्तकी मराठीत नको हं. "साठा समाप्त होण्याच्या मार्गावर आहे" असं लिहिलंस तर उद्या तेही विसरशील. "बारदाना संपत आला" लिही. आठवड्यानं वरचं झाकून खालच्या ओळीवरून इंग्रजी म्हणून बघ. एवढंच.

दुसरं, अन् हे इंग्रजीपेक्षा महत्त्वाचं. "ओके सर" बंद कर. मला खात्री आहे तू त्या मेसेजखाली ओके सर टाकलं असशील, अंगठा पण लावला असशील. न समजता ओके म्हणणं ही आपल्या पोरींची जुनी सवय आहे, शाळेत आम्ही "समजलं का" विचारायचो अन् सगळा वर्ग "हाव मॅडम" म्हणायचा. त्याऐवजी जे समजलं ते आपल्या शब्दात परत पाठव. "सर, आय विल कॅल्क्युलेट द बारदाना टुडे, शो यू फर्स्ट, देन सेंड टु नागपूर." साधी इंग्रजी, एक रन नाही. चुकीचं समजलं असेल तर साहेब तिथंच अडवतील, बरोबर असेल तर त्यांनाही बरं वाटेल. हे विचारणं वाटत नाही, काम पक्कं करणं वाटते, त्यामुळं लाजही वाटणार नाही. इंग्रजी नाहीच जुळली तर हिंदीत लिही, व्हॉट्सॲपला काही फरक पडत नाही.

पी. टी. उषाचं म्हणशील तर ते वाईट नाव नाही, अन् आपल्याकडे नाव पाडल्याशिवाय माणूस ऑफिसात रुळत नाही. एकदा हसून "हाव, मी पळते, तुम्ही बसा खुर्च्या गरम करत" म्हण, मजा निघून जाते. मात्र कोणी रोज, मुद्दाम, बाहेरच्या लोकांसमोर करत असेल तर ती मजा नाही, साहेबांना एकटं गाठून सांग, मराठीतच सांग, इंग्रजी शोधत बसू नको.

राहिला तो चुकलेला आकडा. त्याचा दोष रनवर टाकू नको, तो तुझा अन् एक्सेलचा. साहेबांच्या नजरेखालून गेला असता तर सापडला असता हे खरं, पण साहेब दरवेळी असतीलच असं नाही. एका गाठीचे साधारण १७० किलो धरून, गाठी गुणिले १७० करून येणारी रुई अन् तुझ्या रजिस्टरातली रुई जवळपास जुळते का हे पाठवण्याआधी कॅल्क्युलेटरवर एकदा बघत जा. बारदान्याचंही तसंच, आदल्या दिवशीचा शिल्लक अधिक आलेला वजा वापरलेला, अन् गोडाऊनवाल्याला फोन लावून त्याच्या तोंडून आकडा ऐकायचा. दोन्ही जुळले की मगच नागपूर.